दोन घटका

आमच्या बेटावर सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असायचा, ‘पानी काय हाय?’ नव्या पाहुण्याला वाटायचं, विहिरीच्या पाण्याची चौकशी चालली आहे. विचारणाऱ्याला मात्र वेळ हवी असायची. भरतंय, भरलंय, सुकतंय, सुकलं, या चारांपैकी एका शब्दात उत्तर मिळायचं आणि त्यावर पुढचा सगळा दिवस मांडला जायचा. होडी कुठे लागेल, मासळीच्या पाट्या घेऊन बायांनी कधी निघायचं, पलीकडून कुणी येणार असेल तर भात कधी टाकायचा, सगळं त्यावरच. भिंतीवर घड्याळही होतं. ते शाळेसाठी आणि रेडिओवरच्या बातम्यांसाठी.

विरार स्टेशनबाहेर एसटी पकडली की दहाएक किलोमीटरवर अर्नाळा येतं. तिथल्या वाळूत उभं राहून पश्चिमेला पाहिलं की पाण्यापलीकडे तटबंदी दिसते, ते आमचं बेट. वैतरणेच्या मुखाशी वसलेलं. किनाऱ्यावरचं गाव ते अर्नाळा आणि आम्ही ते ‘किल्ला’. आमच्या ग्रामपंचायतीचं नावही अर्नाळा किल्ला असंच आहे. गुजरातच्या सुलतानांनी इथे पहिला कोट घातला, मग पोर्तुगीज आले, 1737 मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि नव्याने बांधून काढला. दरवाजावरच्या शिलालेखात बाजीरावाचं नाव आहे आणि समुद्राच्या पोटात जंजिरा बांधण्याची आज्ञाही आहे. जंजिरा हा शब्द मुळात अरबी, ‘जझीरा’वरून आलेला. त्याचा अर्थ नुसतं बेट. आपण त्याला तट आणि तोफा जोडून जलदुर्ग केला. बेटाला किल्ला म्हणण्याची आमची सवय त्यामुळे मला कधी चुकीची वाटली नाही. तटाच्या आत विहिरी, भाजीचे वाफे, त्र्यंबकेश्वराचं देऊळ. घरं बहुतेक तटाबाहेर, पाण्याच्या कडेला. आमचंही तिथेच.

बेटावरच्या बालपणाबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना वाळू, नारळ, सूर्यास्त असं काहीतरी ऐकायचं असतं. ते सगळं होतंच. पण इतकी वर्षं विरारच्या इमारतीत राहून मला ज्याची आठवण येते ती वेगळीच गोष्ट आहे. समुद्र रोज थोडा उशिरा यायचा, त्याची.

हा उशीर हिशेबातला आहे. सूर्य चोवीस तासांनी पुन्हा डोक्यावर येतो. चंद्राला साधारण पन्नास मिनिटं जास्त लागतात, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत तो आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. समुद्र मुख्यतः चंद्राच्या ओढीने चढतो. म्हणून दिवसाच्या दोन्ही भरत्या रोज तेवढ्याच पुढे जातात. महिन्याच्या तीस तिथ्या आणि दिवसाचे चोवीस तास, म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. जुन्या मोजमापात चोवीस मिनिटांची एक घटका, तेव्हा बरोबर दोन घटका. दारी आलेल्याला आपण म्हणतो ना, ‘बसा दोन घटका’, त्या दोन. समुद्र रोज कुठेतरी दोन घटका बसून मग आमच्याकडे येई, असं मला लहानपणी खरोखर वाटायचं.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण भरतीची वेळ तिला कधी कुणाला विचारावी लागली नाही. तिचं गणित हातावर असायचं. चार बोटं म्हणजे चार तिथ्या आणि एका बोटाची तीन पेरं म्हणजे तीन तास. चार तिथ्या गेल्या की भरती तीन तास पुढे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, तीही सकाळी एकदा आणि रात्री एकदा. मधल्या तिथ्यांसाठी ती अंगठा पेरावरून थोडा खाली-वर सरकवायची. पुढे शाळेत एका म्हाताऱ्या गुरुजींकडून पावकी, निमकी, पाऊणकी कळली, तेव्हा मला एकदम उलगडा झाला. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ. आमच्या या किनाऱ्यावर कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरती काढतात, हेही तेव्हाच समजलं. आजी पाढा न शिकता पाऊणकी जगत होती.

या हिशेबात खोट आहे आणि ती तिला माहीत होती. खरा उशीर अठ्ठेचाळीस मिनिटांचा, पाऊणकीचा पंचेचाळीस. रोजची तीन मिनिटं मागे पडत पडत पंधरा दिवसांत पाऊण तासाची तूट येते. पाऊणकी पौर्णिमेला सव्वाअकरा सांगते, पाणी पुरतं भरायला बाराचा सुमार होतो. ‘पुनवेला थोरं फुढं धर,’ आजी सांगायची. भांगाच्या दिवसांत पाणी जास्तच रेंगाळतं, एकेका दिवशी तास-सव्वा तासही, आणि उधाणात ते लगबगीने येतं. हेही तिच्या अंगठ्यात होतं. प्रतिपदेला सगळी चूक पुसून हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

उधाण आणि भांग हे शब्द इथे नीट उलगडायला हवेत, कारण आमच्या घरचे वार त्यांनी ठरायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. मोठ्या उधाणाला आमच्या बाजूला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं. अष्टमी-नवमीच्या सुमारास ते दोघे काटकोनात असतात, पाणी चढतं थोडं आणि उतरतंही थोडं, प्रवाहाला जोर नसतो. तो भांग. माझे वडील डोलीवर जायचे. डोल म्हणजे लांबच लांब, शेवटाकडे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर धरायचं. डोल मासळीच्या मागे धावत नाही. पाणी वाहतं, मासळी पाण्याबरोबर वाहत येते आणि जाळ्यात शिरते. पाणी थांबलं की जाळं उचलायचं, ते उलटं वाहू लागलं की तोंड फिरवायचं. म्हणजे धंदा सगळा पाण्याच्या जोरावर, आणि भांगात तो जोरच नाही. म्हणून भांगात वडील घरी. अंगणात जाळं पसरून फाटलेलं तुणत बसलेले, शेजारी चहाचा कप. मला रविवार म्हणजे शाळा नाही एवढंच कळायचं. बाबा घरी असण्याचा दिवस मात्र अष्टमी. कॅलेंडरावर मी लाल तारखा शोधत नसे, तिथ्यांचे बारीक आकडे शोधायची.

उधाणातली मासळी आली की आईचं आणि बायांचं काम सुरू व्हायचं. बोंबील वाळवताना तुम्ही कधी जवळून पाहिलेत का? ताजा बोंबील हातात घेतला की निसटतो. अंग पारदर्शक, गुलाबीसर, जेलीसारखं. त्याचा जबडा मात्र मोठा आणि दातांनी भरलेला. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर दोन्हीकडे लोंबती सोडायची. ना गाठ, ना खिळा. त्यांच्या त्यांच्या दातांनीच ते एकमेकांना धरून राहतात. आईचे हात एवढे सरावलेले की ती गप्पा मारत, दोरीकडे न बघता जोड्या लावत जायची. मला सुरुवातीला दात टोचायचे, बोटांना बारीक ओरखडे यायचे आणि मग त्यांत मीठ झोंबायचं. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळालं की तीच जेली काटकीसारखी कडक. वाऱ्यावर वलांडीची अख्खी रांग खडखडायची. आजही बाजारात सुक्या बोंबलाचा वास आला की मला आधी तो आवाज ऐकू येतो.

भरती रोज सरकते, पण आमच्या किनाऱ्यावर एक गोष्ट पक्की असते. मोठी ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपासच येते आणि मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री. पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, म्हणून सहाला ओहोटी, आणि दोन्ही उधाणाच्या. दर पंधरा दिवसांनी हेच. म्हणून पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्यासमोर वाळूचं एवढं मोठं मैदान उघडं पडायचं की त्यात क्रिकेटचे तीन खेळ एकाच वेळी चालायचे. चेंडू पाण्यात जाण्याची भीतीच नाही, पाणी दूर कुठेतरी चकाकणारी रेघ होऊन गेलेलं. आठ दिवसांनी त्याच संध्याकाळी, त्याच घटकेला, पाणी पायरीच्या जवळ आणि मैदान गायब. नारळी पौर्णिमेला संध्याकाळी नारळ घेऊन निघालं की समुद्र असाच लांब गेलेला असायचा. त्याच्या मागे मागे ओल्या वाळूतून बरंच चालत जावं लागायचं. आणि त्याच रात्री बाराला जाग आली तर तो घराशी आलेला. खिडकीतून चांदणं आत आणि चांदण्याबरोबर पाण्याचा आवाजही. मी अंथरुणात पडून त्या आवाजाला मापायची, किती पावलांवर असेल म्हणून.

त्यामुळे आमच्या दोन संध्याकाळी सारख्या नसायच्या. आज सहाला जिथे पाणी, तिथे ते उद्या सहाला नसणार, कारण उद्या ते दोन घटका मागे. पंधरा दिवस गेल्यावर आजच्यासारखी संध्याकाळ परत यायची. ती परत आलेली ओळखू यायची. बालपणीच्या आठवणी आठवायला बसते तेव्हा मला साल सांगता येत नाही, इयत्ताही कधी कधी नाही, पण पाणी कुठे होतं ते सांगता येतं. त्यावरून तिथी निघते. बहिणीला मागणी घालायला आले तेव्हा पाणी दाराशी होतं आणि दिवेलागण झाली होती, म्हणजे अष्टमी-नवमी. भावाने पहिल्यांदा एकट्याने होडी वल्हवली तेव्हा दुपारी वाळू उघडी होती. मनातल्या सगळ्या वस्तू अशा पाण्याच्या पातळीवर ठेवलेल्या आहेत.

गोड पाण्याचंही पाण्याशीच नातं. चारी बाजूंनी खारट समुद्र आणि तटाच्या आत गोड्या विहिरी, याचं बाहेरच्यांना फार नवल वाटतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. पावसाचं पाणी जमिनीत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, भिंगाच्या आकारात. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी साठलं तर खाली सुमारे चाळीस फूट असतं, आणि बेपर्वाईने उपसलं तर खालून खारं चढतं. हे मी मोठेपणी वाचलं. आजी एवढंच म्हणायची की भरतीला पोहऱ्याचा दोर चार बोटं कमी लागतो. तरंगतं पाणी भरतीबरोबर थोडं वर येणारच.

हे सगळं मी मायेने सांगते आहे, पण त्या दोन घटकांची किंमतही आम्हीच मोजली. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी साडेदहाला हायस्कूलला निघायचं तर सुखाचं काम. पाणी भरत आलेलं, होडी जवळ, पाय घोट्यापर्यंत भिजले की झालं. परतताना साडेपाचला तेच पाणी तळाला गेलेलं. होडी लांब थांबायची आणि दप्तर डोक्यावर घेऊन आम्ही मांडीभर पाणी, मग चिखल, मग वाळू तुडवत घरी. शनिवारची सकाळची शाळा आणि अमावास्या एकत्र आली की आम्ही हमखास उशिरा पोचायचो. एका वर्षी वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा मला लागोपाठ मिळाली. ओला परकर पायांना चिकटलेला, अंगाला वाळू, आणि आत प्रार्थना संपून हजेरी चाललेली. उशीर माझा नव्हता. पण तो समुद्राचा आहे हे शाळेच्या घड्याळाला सांगायचं कसं, ते तेव्हा सुचलं नाही. आज सुचलं असतं. मी त्यांना पाऊणकी म्हणून दाखवली असती.

आणि आजोबा. ती अमावास्या होती. पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम सुटला, बोलणं थांबलं. वडिलांनी दोघा-तिघांना उठवलं आणि किनाऱ्याकडे धावले. पाणी उतरत होतं आणि आमच्या बाजूच्या सगळ्या होड्या वाळूत बसलेल्या. सहा माणसांनी खांदे लावून एक होडी हातभर हलवली, पुढे ती रुतली. पाणी रोज पाहणाऱ्या माणसांना हे कळत नव्हतं असं नाही, पण हात स्वस्थ बसत नव्हते. घरात आजी उशाशी बसली होती. तिचा एक हात आजोबांच्या कपाळावर आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवर. मी दाराला टेकून ते पाहत होते. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सहाला तळ, त्यानंतर होडी तरंगायला दोन तास, तिला सगळं ठाऊक होतं. एकदा तिचा अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर गेला आणि तिथे थांबला. आजोबा सातला गेले. आठनंतर होडी आपली आपण उचलली गेली. ती आता कुणालाही नको होती.

पाण्यावर रागावलेली आजी मी पाहिली नाही. तेरावं झाल्यावर पहिल्या उधाणाला वडील डोलीवर जायला निघाले, तेव्हा तिनेच विचारलं, ‘पानी काय हाय?’ त्या प्रश्नात काय होतं ते मला अजून नेमकं सांगता येत नाही. माझ्या परीने समजते ते एवढंच की ज्याची वेळ आपल्याला ठरवता येत नाही, पण हातावर मोजता येते, त्याच्याशी तिचं भांडण नव्हतं. मोजणं तिच्या हातात होतं आणि ते तिने सोडलं नाही.

आता मी जिथे राहते तिथे मिनिटांवर सगळं चालतं. सात बावन्नची लोकल सात बावन्नला आणि उद्याही सात बावन्नलाच. चार मिनिटांचा उशीर झाला तर फलाटावर माणसं अस्वस्थ होतात, मीही होते. बेटावरही बरंच बदललं आहे. भाऊ भरतीची वेळ मोबाइलवर मीटर-सेंटिमीटरांसकट बघतो. आम्ही जिथे क्रिकेट खेळायचो त्यातल्या काही जागेवर आता ओहोटीलाही पाणी असतं, समुद्र किनारा खात आला आहे. जून आणि जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा तो मला घरी राहायला बोलावतो, पण पावसात ती ओलांडणी नको वाटते. मी थंडीत जाते.

गेल्या वेळी गेले ती दशमी होती. एसटीतून उतरेपर्यंत साडेतीन वाजले होते. दहा पाऊण साडेसात, म्हणजे ओहोटी दीडला होऊन गेलेली, पाणी आता भरतीला लागलेलं. होडी वाळूत एका कुशीवर कललेली होती. तिच्याजवळ सात-आठ माणसं बसली होती. बाजारातून परतलेल्या बाया, रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांवरच टेकलेल्या, एक नवी नवरी आणि तिचा भाऊ, कॉलेजची दोन मुलं. होडीवाल्या काकांनी मला ओळखलं. वडिलांची चौकशी केली, मुलीचं शिक्षण विचारलं.

‘कधी सुटेल?’ मी विचारलं. प्रश्न तोंडातून गेल्यावर माझा मलाच परका वाटला.

‘बस गो,’ ते म्हणाले, ‘दोन घटका.’

मी चपला काढून वाळूत बसले. शेजारच्या बाईने पिशवीतून बोरं काढून ओंजळीत दिली. कोण कुणाच्या घरी दिली, कुणाच्या बोटीचं इंजिन गेलं, कुणाच्या सुनेला कोणता महिना, असं बोलणं चाललं होतं आणि त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं, तरी मी ऐकत होते. समोर पाण्याची कड हळूहळू पुढे सरकत होती. आधी होडीमागच्या खळग्यात भरलं, मग तिच्या पोटाखालच्या वाळूला काळसर ओल आली. मुलांनी मोबाइल खिशात घातले. बायांनी पाट्या उचलून डोक्यावर घेतल्या. कुणी काही बोललं नव्हतं. मी मान वळवली तेव्हा होडी सरळ झाली होती आणि तिची नाळ नुकतीच, इंचभर, हलू लागली होती.